स्मृती किती असावी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तंजावूर येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने इतिहासावर बोलावे, साहित्यावर बोलावे, निदान एखाद्या संतचरित्रावर तरी बोलावे, असा प्रघात आहे. आम्ही मात्र मोबाइल फोनच्या मेमरीवर बोलणार आहोत. काही वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर उमटलेले आश्चर्य आम्हांस व्यासपीठावरूनही दिसते आहे. परंतु आमची बाजू ऐकून घ्यावी. हा विषय आपणच आमच्या पदरी घातला आहे. हळदीकुंकू असो, गणेशोत्सव असो की वार्षिक सभा असो, कामकाज आटोपून कॉफीचे टंबलर हाती आले की कोणीतरी हळूच जवळ येऊन विचारतेच, "नवा फोन घ्यावयाचा आहे. मुलगा म्हणतो, बारा जीबीचा घ्या. आठाचा पुरणार नाही का हो?"

आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रविद्येचे शिक्षण आम्हांस नाही. परंतु केंद्र सरकारच्या सेवेत तीसएक वर्षे फाइलींच्या संगतीत काढल्यामुळे मेज म्हणजे काय, कपाट म्हणजे काय आणि अभिलेखकक्ष म्हणजे काय, ह्यांतील भेद आमच्या अंगी मुरला आहे. फोनच्या मेमरीचा सारा प्रश्न बहुतांशी त्याच भेदाचा आहे. म्हणून हे धाडस.

शिवाय हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी निवृत्तिवेतनावर जगणारे आईवडील आहेत. दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही योजना सुरू झाली आणि तो दाखला संगणकामार्फत देण्याची सोय झाली. नोव्हेंबर २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही तो देता येऊ लागला. ज्यांना बँकेची पायरी चढवत नाही, त्यांच्यासाठी ही केवढी सोय! परंतु त्या सोयीच्या सूचनांत एक अट होती: फोनमध्ये निदान ४ जीबी रॅम असावी, ६४ जीबी साठा असावा आणि त्या साठ्यात ५०० एमबी जागा मोकळी असावी. म्हणजे फोनची मेमरी हा विषय थेट आजीच्या निवृत्तिवेतनापर्यंत येऊन पोहोचला. त्यातच २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांनी जगभरच्या मेमरीवर झडप घातली आणि तिचे भाव चढले. अशा वेळी जादा मेमरीसाठी जादा पैसे मोजावयाचे की नाहीत, ह्याचा विचार प्रत्येक गृहस्थाने करणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. गांधीजी रस्त्यावरील दुकानांत फोनच्या खोक्यावर '८/१२८' असे आकडे दिसतात. आपण दोहोंनाही सरसकट 'मेमरी' म्हणतो, आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. पहिला आकडा रॅमचा, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या स्मृतीचा. दुसरा साठ्याचा. छायाचित्रे, गाणी, नातवंडांचे व्हिडिओ, सारी ॲप्स ह्यांचे राहण्याचे ठिकाण म्हणजे साठा. त्यांतले जे ह्या क्षणी वापरात आहे, तेवढेच रॅममध्ये येते. फोन बंद केला की रॅम कोरी होते. साठा मात्र जसाच्या तसा राहतो.

तंजावूरकरांस ह्यासाठी दूरचा दृष्टांत शोधावा लागत नाही. राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय आपण सर्वांनी पाहिले आहे. चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते तेथे आहेत. बहुसंख्य संस्कृत, त्याखालोखाल तमिळ आणि आपली मराठी. मराठीच तीन हजारांच्या वर आहेत. तो झाला साठा. आता एखादा अभ्यासक तेथे येऊन मेजाशी बसला अशी कल्पना करा. तीन पोथ्यांतील पाठभेद त्याला ताडून पाहावयाचे आहेत. मेज लहान असून एकच पोथी मावत असेल, तर दर वेळी एक बांधून परत द्यावी, दुसरी मागवून सोडावी, असे हेलपाटे त्याला घालावे लागतील. मेज तीन पोथ्यांपुरते झाले की त्याचे काम झपाट्याने होईल. परंतु मेज तीस पोथ्यांचे केले म्हणून काम दसपट वेगाने होईल काय? मुळीच नाही. डोळे तेवढेच, बुद्धी तेवढीच, आणि पोथ्या तीनच. मेज म्हणजे रॅम, कपाटे म्हणजे साठा, आणि अभ्यासक म्हणजे फोनचा प्रोसेसर. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे सोपे आहे.

रॅमची रचना मोठी मनोवेधक आहे. अमेरिकेतील रॉबर्ट डेनार्ड ह्या अभियंत्यास १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले, आणि आजच्या फोनांतील रॅमही त्याच तत्त्वावर चालते. तीत अब्जावधी सूक्ष्म कोठ्या असतात. कोठीत विद्युद्भार असला तर एक, नसला तर शून्य. मात्र ह्या कोठ्या गळक्या आहेत. भरलेला भार निमिषार्धात झिरपून जाऊ लागतो. म्हणून दर सेकंदास कित्येक वेळा प्रत्येक कोठी वाचून पुन्हा भरावी लागते. आपल्या लहानपणी पंतोजी पाढ्यांची उजळणी घेत, तशीच ही उजळणी. ती थांबली की पाठ विसरला. मोठी रॅम म्हणजे मोठी उजळणी, आणि उजळणीला वीज लागते. तेव्हा वापरात नसलेली जादा रॅम अगदीच फुकट बसून राहते असे नाही. थोडी का होईना, बॅटरी खात असते.

आता मेज अपुरे पडले म्हणजे काय होते ते पाहू. अँड्रॉइड प्रणालीचा कारभार एखाद्या दक्ष मुख्य कारकुनासारखा असतो. जागा कमी पडू लागली की तो प्रथम मेजावरचे कागद दाबून, घडी घालून लहान करतो. तेवढ्याने भागले नाही तर ज्या फाइलींकडे बराच वेळ पाहिलेले नाही त्या उचलून बाजूला करतो, म्हणजे मागे उघडी असलेली ॲप्स गुपचूप बंद करतो. आपल्या डोळ्यांसमोर असलेल्या ॲपला तो शेवटपर्यंत हात लावत नाही. ह्याचा त्रास कोणता, तो प्रवासाचे तिकीट काढताना कळतो. नावे, वये, आसने, सारे भरून झालेले असते. पैसे भरावयाचे म्हणून ओटीपी पाहण्यास आपण संदेशपेटीत जातो. परत येतो तो अर्ज कोरा! मधल्या क्षणांत कारकुनाने फाइल उचललेली असते. पुण्याला लग्नास निघालेल्या कुटुंबाची आसने अशा वेळी हातची जातात. रॅम अपुरी असल्याची खूण हीच. एका ॲपमधून दुसऱ्यात जाऊन परतल्यावर पहिले नव्याने सुरू होत असेल, तर मेज लहान आहे असे समजावे. उलट, एकच ॲप उघडे असताना फोन अडखळत असेल, तर दोष बहुधा मेजाचा नसतो. दुकानात जाण्यापूर्वी एवढी परीक्षा प्रत्येकाने घरी करून पाहावी. तिला पैसे पडत नाहीत.

थोडा इतिहास पाहिल्यास प्रमाण ध्यानात येईल. अँड्रॉइडचा जगातील पहिला फोन २००८ साली आला, तेव्हा त्यात १९२ एमबी रॅम होती; आजच्या ८ जीबीच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याएवढी. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने 'अँड्रॉइड वन' ही सामान्यांच्या फोनांची योजना प्रथम भारतातच आणली. त्या फोनांत १ जीबी रॅम आणि ४ जीबी साठा होता. २०१७ साली १ जीबी किंवा त्याहून कमी रॅम असलेल्या फोनांसाठी प्रणालीची वेगळी हलकी आवृत्ती काढावी लागली. म्हणजे तीन वर्षांत जे पुरेसे होते ते अपुरे ठरले. रॅमची गरज वाढत जाते हे खरे आहे, आणि एका मर्यादेखाली काटकसर केल्यास ती अंगाशी येते हेही खरे आहे.

परंतु मर्यादेपलीकडे काय होते, त्याचाही दाखला आहे. जून २०१६ मध्ये वनप्लस कंपनीने ६ जीबी रॅमचा फोन बाजारात आणला. त्या काळी हा आकडा डोळे दिपविणारा होता. परीक्षकांनी फोन तपासला तेव्हा असे दिसून आले की, मोजकीच ॲप्स उघडून झाली की तो जुनी बंद करू लागतो; त्याहून कमी रॅमचे फोन ती अधिक काळ उघडी ठेवतात. बॅटरी टिकावी म्हणून प्रणालीलाच तसा नियम घालून दिला असल्याचे कंपनीच्या वतीने सांगण्यात आले, आणि पुढे सुधारित आवृत्ती देऊन तो नियम सैल करण्यात आला. मेज विस्तीर्ण होते, पण कारकुनास चारच फाइली ठेवण्याचा हुकूम होता! त्याच वर्षी आलेला आयफोन ७ उघडून पाहणाऱ्यांना त्यात अवघी २ जीबी रॅम आढळली. तरी नित्याच्या कामात तो मागे पडत नव्हता, कारण मागे राहिलेल्या ॲपांस जागच्या जागी गोठवून ठेवण्याची त्याची शिस्त कडक होती. सरकारी नोकरीत ज्यांनी आयुष्य घालविले, त्यांस ह्याचे नवल वाटणार नाही. मोठ्या दालनापेक्षा चोख कार्यपद्धती अधिक काम करते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कामाचे स्वरूपच बदलले तर मेज वाढवावेच लागते. २०२४ साली आयफोनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी आल्या. त्या फोनमध्येच चालावयाच्या असल्याने भाषेचे अख्खे प्रारूप रॅममध्ये उलगडून ठेवावे लागते. आदल्या वर्षीच्या फोनांपैकी ८ जीबी रॅम असलेल्या महागड्या जातीस त्या सोयी मिळाल्या. ६ जीबीच्या जातीस मिळाल्या नाहीत. तेव्हा 'जादा मेमरी निरुपयोगी' असे सरसकट विधान करणे बरोबर होणार नाही. जे काम आपण करतो त्यास पुरेल इतकी रॅम अत्यावश्यक आहे. त्याहून अधिक असलेली रॅम त्या कामाचा वेग वाढवीत नाही. आमच्या मते एवढेच ह्या वादाचे सार आहे.

मग फोन मंदावतो तो कशाने? ह्याची उत्तरे एकाहून अधिक आहेत, आणि बहुतेकांशी रॅमचा संबंध नाही. पहिले कारण साठा भरून जाणे. साठ्याच्या चकतीचा एक विचित्र स्वभाव आहे. लिहिलेल्या जागी पुसल्यावाचून पुन्हा लिहिता येत नाही, आणि पुसावयाचे तर एकेक ओळ पुसता येत नाही. आसपासचा मजकूर दुसरीकडे उतरवून घेऊन अख्खा गठ्ठाच पुसावा लागतो. मोकळी जागा मुबलक असली तर हे काम निवांतपणे होते. जागा उरली नाही की प्रत्येक नव्या छायाचित्रासाठी ही उलाढाल त्याच क्षणी करावी लागते, आणि फोन 'हँग' होतो. आपण म्हणतो मेमरी कमी, आणि रॅम वाढवून मागतो. म्हणजे अभिलेखकक्ष तुडुंब भरला म्हणून साहेबांचे मेज बदलण्यासारखे झाले.

हा साठा भरतो कशाने? जानेवारी २०१८ मध्ये वृत्तपत्रांत एक मौजेची बातमी आली होती. भारतातील इतके फोन भरून का जातात ह्याचा शोध गूगलच्या संशोधकांनी घेतला, तेव्हा एक मोठे कारण निघाले ते रोज सकाळी येणारी 'सुप्रभात'ची चित्रे! उगवता सूर्य, गुलाबाचे फूल, दवबिंदू आणि खाली सुविचार. हसू नका. ह्या सभागृहातील प्रत्येकाच्या खिशात आज सकाळचे निदान एक गुलाबाचे फूल आहे, ह्याबद्दल आम्ही पैज मारावयास तयार आहोत.

दुसरे कारण साठ्याची जात. स्वस्त फोनांत संथ जातीची चकती असते, महागांत वेगवान. ॲप उघडण्यास लागणारा वेळ बव्हंशी तीवर आणि प्रोसेसरवर ठरतो. तिसरे कारण बॅटरी. म्हातारी झालेली बॅटरी एकदम जोर देऊ शकत नाही, म्हणून जुन्या फोनांचा वेग आपण मुद्दाम आवरतो, हे ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. चौथे कारण आपल्या गावचे, उष्मा. अग्निनक्षत्राच्या दिवसांत खिशातला फोन तापला की प्रोसेसर स्वतःच चाल मंद करतो; भर दुपारी आपण करतो तेच. पाचवे कारण इंटरनेट. जाळे संथ असेल तर २४ जीबीचा फोनही वर्तुळ फिरवीत बसतो.

येथे एका युक्तीविषयी सावध करणे आम्ही कर्तव्य समजतो. अलीकडे खोक्यांवर '८ जीबी + ८ जीबी' असे छापलेले असते. त्यातला दुसरा आठ खरी रॅम नव्हे. साठ्यातील जागा रॅम म्हणून वापरण्याची ती सोय आहे. मेज भरले म्हणून शेजारच्या खोलीतील कपाटाचा एक खण मेज समजावा, तसे हे. तेथून कागद आणावयास मेजावरच्यापेक्षा शेकडो पट वेळ लागतो. अगदीच लहान मेजाच्या धन्यास त्याचा थोडा आधार होतो, नाही असे नाही. पण सोळा समजून त्याचे पैसे मोजू नयेत.

आता व्यवहाराचे बोलू. आमचा सल्ला असा आहे. बोलणे, व्हॉट्सॲप, बँकेचे व्यवहार, हयातीचा दाखला, नातवंडांशी व्हिडिओवरून भेट, एवढेच काम असलेल्या वडीलधाऱ्यांस ४ जीबीच्या खालचा फोन देऊ नये. ६ जीबीचा मिळाल्यास पुढील काही वर्षांची निश्चिंती. नोकरदार गृहस्थास आणि गृहिणीस ८ जीबी भरपूर आहे. बारा आणि त्यावरील आकडे भारी खेळ खेळणाऱ्यांसाठी, फोनवरच व्हिडिओची कापाकापी करणाऱ्यांसाठी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी फोनमध्येच ज्यांना हव्यात त्यांच्यासाठी आहेत. आठावरून बारावर जाण्याचे पैसे हाती असतील, तर ते साठा वाढविण्यासाठी, चांगल्या बॅटरीसाठी, किंवा कंपनी अधिक वर्षे सुधारित आवृत्त्या देणार असेल अशा फोनसाठी खर्च करावेत.

आणि फोन जुना असेल तर विकत घेण्याआधी निवड करावी. केंद्र सरकारच्या कार्यालयांत फाइलींचे तीन वर्ग असतात. 'अ' वर्ग कायम ठेवावयाचा, शिवाय त्याची सूक्ष्मपटावर प्रत घ्यावयाची. 'ब' वर्ग कायम ठेवावयाचा, प्रतीची आवश्यकता नाही. 'क' वर्ग ठरावीक मुदतीपुरता. हाच नियम घरी लावावा. आजोबांचा आवाज, लग्नमुंजींची छायाचित्रे, घरातील जुने कागद हा 'अ' वर्ग. त्याची प्रत फोनबाहेर दोन ठिकाणी असावी, कारण अशा चकत्यांतील भारही वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास ओसरतो. प्रवासातील बरी छायाचित्रे 'ब' वर्ग. गुलाबाचे फूल 'क' वर्ग, आणि त्याची मुदत सूर्यास्तापर्यंत! महिन्यातून एकदा अर्धा तास ह्या कामास द्यावा. कित्येकांस नव्या फोनची गरजच उरणार नाही.

बंधुभगिनींनो, इतके सांगितल्यावर मंडळाच्या पुढ्यात असलेल्या एका प्रश्नाकडे वळतो. मेमरीचा विषय आम्ही येथे मांडला तो मुख्यतः त्याच्याचसाठी. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून आपल्या कुटुंबांकडील जुन्या मोडी कागदांची छायाचित्रे घेऊन ती जतन करावीत आणि त्यासाठी मोठ्यात मोठ्या साठ्याचे यंत्र घ्यावे, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. हेतू अत्यंत स्तुत्य आहे. परंतु फोनच्या बाबतीत आपण जी चूक करतो ती येथे होऊ नये. अडचण कोठे आहे ते प्रथम पाहावे.

साठ्याच्या बाबतीत तंजावूर दरिद्री कधीच नव्हते. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांचे राज्य होते. सरफोजी महाराजांनी आपल्या कुळाचा इतिहास १८०३ साली मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरविला. त्याला वीज लागत नाही, उजळणी लागत नाही. दोनशे वर्षांहून अधिक काळ तो उभा आहे. सरस्वती महालात मराठा दरबाराच्या मोडी कागदांचे तेराशेंच्या वर रुमाल आहेत. कोणाला किती धान्य दिले, कोणत्या वैद्याने काय औषध दिले, कोणत्या छत्रात किती पाने वाढली, असल्या दैनंदिन गोष्टी अशाच दप्तरांत नोंदलेल्या असतात. एवढा साठा परप्रांतात राहणाऱ्या किती समाजांना लाभला असेल?

मग उणे काय आहे? ए. सी. बर्नेल नावाचे एक इंग्रज गृहस्थ तंजावूरचे जिल्हा न्यायाधीश होते. राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची त्यांनी वर्गवार सूची केली आणि ती १८८० साली प्रसिद्ध झाली. पोथ्या तेवढ्याच होत्या, कपाटे तीच होती. सूचीमुळे जगभरच्या विद्वानांस त्या सापडू लागल्या. साठा एका पानानेही वाढला नव्हता. वाढली ती त्याची उपयुक्तता. मोडी कागदांविषयी येथील तमिळ विद्यापीठाने मोठे काम केले असून त्यांतील निवडक कागदांचे तमिळ भाषांतर छापले आहे. त्या विद्वानांचे ऋण आपण मानलेच पाहिजे. परंतु आपल्याच पूर्वजांनी आपल्याच भाषेत लिहिलेले आज आपण वाचतो ते तमिळमधून, ह्याचाही विचार अशा दिवशी मनात आल्यावाचून राहत नाही. आज ह्या सभागृहात हात वर करावयास सांगितले, तर मोडीची एक ओळ अडखळत का होईना वाचू शकणारे कितीजण निघतील?

यंत्राचा अडथळा आता उरलेला नाही. मोडी लिपीला जून २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह फोनच्या साठ्यात सामान्यतः तीन बाइट घेते, मोडीचे चार. दोन हजार चिन्हांचे एक भरगच्च पान देवनागरीत लिहून काढले तर सहा हजार बाइट होतात. त्याच पानाचे छायाचित्र तीस लाख बाइट घेते. एका छायाचित्राच्या जागेत पाचशे पाने मजकूर मावतो, आणि तो शोधताही येतो. छायाचित्र अवश्य घ्यावे, कारण मूळ कागद कसरीच्या तोंडी आहे. पण छायाचित्र म्हणजे कपाट बदलणे. तो कागद कोणीतरी वाचून, लिहून काढील, त्यातील नाव आपल्या कुळाशी जुळवील, तेव्हाच तो मेजावर आला असे म्हणता येईल.

म्हणून कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे. यंत्र घ्यावे, पण मध्यम क्षमतेचे घ्यावे. उरलेल्या रकमेतून आठवड्यास एक दिवस मोडीचा वर्ग चालवावा, शिकविणाऱ्यास योग्य मानधन द्यावे आणि मंडळातील तरुण मुलामुलींनी वर्षाकाठी निदान दहा-दहा कागद लिहून काढावेत. कोणाच्या घरी कोणता कागद आहे, त्याची साधी यादी आजपासूनच सुरू करावी. तिला यंत्रही लागत नाही, एक वही पुरे. घरातील वडीलधाऱ्यांनी त्या तरुणांजवळ बसून जुने शब्द, जुनी नाती, जुनी वजनमापे सांगावीत. तमिळ शब्दांनी समृद्ध झालेली आपली तंजावुरी मराठी अशा बसण्यातूनच पुढच्या पिढीच्या कानी पडेल.

डेनार्डच्या कोठ्यांविषयी आपण ऐकले. पुन्हा पुन्हा वाचल्या जातात तोवरच त्या भरलेल्या राहतात. घरापासून दूर राहणाऱ्यांच्या भाषेचाही हाच धर्म आहे. मुंबई-पुण्याच्या माणसास रस्त्यावरच्या पाट्याही मराठीची उजळणी देतात. आपल्याला ती ठरवून, वेळ काढून घ्यावी लागते. गेली पन्नास वर्षे ह्या मंडळाने नेमके तेच काम केले. त्यासाठी त्याला मोठी वास्तू लागली नाही, की मोठा निधी लागला नाही. चार घरची माणसे नियमाने एकत्र येत राहिली.

नव्या फोनांचे प्रश्न विचारावयास कोणीही केव्हाही आमच्याकडे यावे. उत्तर बहुधा 'आठ पुरे' असेच मिळेल. येताना घरच्या ट्रंकेतील एखादा मोडी कागद बरोबर आणलात, तर कॉफी आमच्याकडे लागू.

मंडळाचा शतक महोत्सव साजरा होईल तेव्हा त्याच्या स्मरणिकेत एखादे पान तरी आपल्या नातवंडांनी स्वतः वाचून काढलेल्या मोडी कागदाचे असावे, अशी श्रीबृहदीश्वराच्या चरणी प्रार्थना करून आमचे भाषण पूर्ण करतो.

नमस्कार.